पाहुण्या पक्ष्यांचे फोटो काढायला निघताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीची चाहूल लागली की फोन सुरू होतात. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) आले का, ऐरोलीची बोट कधी निघते, सहाशे मिलिमीटरची लेन्स भाड्याने घेऊ का, अमुक तळ्यावर म्हणे काहीतरी वेगळं दिसलंय, खरं का? नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. बहुतेक प्रश्न कॅमेऱ्याबद्दल येतात, पण फोटो फसतो तो बऱ्याचदा पक्षी त्या जागी का आलाय हे न कळल्यामुळे. म्हणून सुरुवात पाण्यापासून करू.

दुर्मीळ पाहुणा नेमका कोणाला म्हणायचं?

पाहुण्यांच्या ढोबळ तीन तऱ्हा आहेत आणि तिन्हींची तयारी वेगवेगळी. पहिले दरवर्षी ठरलेल्या मोसमात येऊन मुक्काम ठोकणारे: पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, भोरड्या. हे दुर्मीळ नव्हेत, पण मुंबई-पुण्याच्या माणसाला रोज दिसत नाहीत. दुसरे वाटसरू. अमूर ससाणा किंवा युरोपियन नीलपंख आपल्याकडून फक्त पुढे जातात, चार दिवस चुकले की वर्ष गेलं. तिसरे भरकटलेले, ज्यांच्या नकाशात आपला प्रदेश नाहीच. वादळाने, वाट चुकून किंवा दुसऱ्याच जातीच्या थव्यात मिसळून ते येतात. पहिल्यांसाठी सहल आखता येते, दुसऱ्यांसाठी सुटी राखून ठेवावी लागते आणि तिसऱ्यांसाठी काहीच करता येत नाही.

आणि पाहुणे फक्त हिवाळ्यातच येतात असंही नाही. चातक आणि नवरंग पावसाच्या तोंडावर येतात. पण नवरंग आपल्याकडे येतो तो वीण करायला, त्यामुळे त्याच्या घरट्याच्या आसपास कॅमेरा घेऊन फिरकूच नका.

भिगवणला कधी जावं? गेल्या वर्षी डिसेंबरात गेलो तर रोहित नव्हते.

कॅलेंडर बघून गेलात. धरण बघून जायला हवं होतं.

भिगवणचा पाणपसारा म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. रोहित उथळ पाण्यात, चिखलात पाय रोवून चरतो. पाऊस चांगला होऊन धरण काठोकाठ भरलं की काठावरचा उथळ चिखल पाण्याखाली जातो आणि रोहितांना उभं राहायला जागाच उरत नाही. मग शेतीसाठी, सोलापूरसाठी पाणी सुटतं, पातळी उतरते, गाळपेर उघडी पडते आणि थवे दिसू लागतात. भरल्या वर्षी त्यासाठी फेब्रुवारी-मार्च उजाडतो. कमी पावसाच्या वर्षी ते लवकर दिसतात. उजनीच्या साठ्याची टक्केवारी रोज बातम्यांत येते, ती आठवडाभर बघत राहा आणि कुंभारगाव किंवा डिकसळच्या एखाद्या नाववाल्याला फोन करा. हे लोक मूळचे मासेमारी करणारे. कोणत्या बेटावर काल काय बसलं होतं हे त्यांच्याइतकं कोणत्याच ॲपला ठाऊक नसतं.

पट्टकादंबांचं गणित वेगळं. हे हंस मंगोलिया, तिबेट, लडाखकडून हिमालय ओलांडून येतात. दिवसा काठावरच्या गवतात आणि शेतात चरतात, धोका वाटला की पाण्याकडे सरकतात. त्यांच्यासाठी डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी. पहाटेची पहिली नाव धरा. साडेनऊ-दहानंतर पाण्यावरून उष्ण हवेच्या लाटा उठतात आणि लाखाची लेन्ससुद्धा डोळ्याभोवतीची पिसं धूसर करते. त्या वेळेला किनाऱ्यावर येऊन चिलापीचं कालवण आणि भाकरी खावी.

ठाणे खाडीत जायचं तर वेळ कशी ठरवायची?

घड्याळाने नाही, तिथीने. ओहोटीला खाडीचा चिखल मैलभर उघडा पडतो आणि रोहित त्यात दूरवर विखुरतात. तेव्हा काठावरून गुलाबी ठिपके दिसतील, फोटो नाही. भरती चढू लागली की पाणी त्यांना हळूहळू काठाकडे ढकलतं. पूर्ण भरतीला चिखल बुडाला की बरेच पक्षी उठून नवी मुंबईच्या पाणथळींवर, नेरूळच्या तळ्याकडे जातात आणि पाणी उतरलं की परततात. म्हणजे जवळून बघायचं तर भरती चढतानाचा तास-दीड तास.

कोळीवाड्यांत आणि कोकणात भरतीचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. खाडीत आत शिरेपर्यंत पाण्याला आणखी थोडा वेळ लागतो. हा अंदाज झाला. निघण्यापूर्वी भरतीचं अधिकृत वेळापत्रक बघाच. उधाणाला पाणी जोरात चढतं आणि तुम्हाला वेळ थोडा मिळतो, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत सगळं संथ चालतं. मला फोटोसाठी भांग आवडतो, पण उधाणाला उठणारे थवे बघायला गर्दी करणारेही पुष्कळ आहेत.

ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. वन विभागाच्या बोटी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटतात. त्यांच्या वेळा भरतीवर ठरतात म्हणून रोज बदलतात. आदल्या रविवारची वेळ धरून या रविवारी जाऊ नका.

खाडीत दोन प्रकारचे रोहित असतात म्हणतात. फोटोत कसे ओळखायचे?

चोच बघा. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. लहान रोहिताची चोच लांबून काळीच वाटते, जवळून गडद किरमिजी. खाण्याची तऱ्हाही निराळी. मोठा रोहित मान खोल बुडवून तळाचा गाळ ढवळतो, पायांनी जागच्या जागी चिखल तुडवतो आणि त्यातले किडे, शंखशिंपले वेचतो. लहान रोहित चोच उलटी धरून पाण्याच्या वरच्या थरातलं शेवाळ गाळत चालतो. ही उलटी चोच पाण्याला टेकलेली असताना, पाण्यातलं प्रतिबिंबही चौकटीत ठेवून काढलेला फोटो मला उडत्या थव्यापेक्षा सरस वाटतो. त्यासाठी नावेत जमेल तितकं खाली वाकून बसा.

नांदूर मध्यमेश्वरला काय मिळेल?

निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्याचं हे पाणी. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. बदकं, करकोचे, भोवत्ये (हॅरियर जातीचे शिकारी पक्षी) भरपूर. मनोऱ्यावरून अंतर जास्त पडतं, त्यामुळे दुर्बीण आधी, कॅमेरा नंतर.

अमूर ससाणे महाराष्ट्रात खरंच दिसतात?

दिसतात. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, लोणावळ्याच्या आसपासच्या माळांवर आणि घाटमाथ्यावर इतर ठिकाणीही. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. चीनचा ईशान्य भाग, मंगोलिया, सैबेरियातून निघायचं, नागालँड-मणिपूरला थांबून पोटं भरायची, भारत आडवा कापायचा आणि अरबी समुद्र एका दमात ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिणेला पोचायचं, असा हा प्रवास. आपल्याकडचा थांबा ही समुद्रावर झेपावण्यापूर्वीची शेवटची शिदोरी असते. हवेतल्या हवेत चतुर आणि वाळव्या पकडून ते तिथेच खातात. त्यांना इथे तारेवरून, झाडावरून सारखं उठवणं म्हणजे त्या शिदोरीत हात घालणं. गाडी रस्त्याच्या कडेला लावा, इंजिन बंद करा, खाली उतरू नका. गाडीला पक्षी फारसे बिचकत नाहीत, माणसाच्या दोन पायांना बिचकतात.

नर करडा, मांड्या तांबूस, पाय नारिंगी, आणि उडताना पंखांखालचा पुढचा भाग पांढराशुभ्र. ही पांढरी पट्टी एका फोटोत आली की ओळखीचा वाद मिटतो.

थवेच्या थवे बघायचे असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडला वोखा जिल्ह्यातल्या दोयांग जलाशयाकडे जा. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून हजारो ससाणे मारले जात असल्याचं उघडकीस आलं आणि पुढच्याच मोसमात गावकऱ्यांनी शिकार थांबवली. आज तिथे जाऊन मुक्काम करणं, गावातल्या माणसाला वाटाड्या म्हणून सोबत घेणं याला म्हणूनच अर्थ आहे.

राज्याबाहेर एकच ठिकाण करायचं तर कोणतं?

एकावर भागत नाही, दोन सांगतो.

राजस्थानात फलोदीजवळचं खिचन. जैसलमेरच्या सहलीला जाणारी कित्येक मराठी कुटुंबं शेजारून निघून जातात. इथे हिवाळाभर हजारो कांड्या करकोचे उतरतात, गावकरी त्यांना कुरजां म्हणतात. पिढ्यान्पिढ्या गाव त्यांना दाणे घालतं. सकाळी दाणे घालतात त्या कुंपणात, दिवस चढल्यावर तलावांच्या काठी. शेजारच्या घरांच्या गच्चीवरून थवा उतरताना दिसतो आणि आवाज इतका होतो की बोलणं ऐकू येत नाही. २०२५ मध्ये खिचनही रामसर यादीत आलं.

दुसरं ओडिशात, चिल्काच्या काठी मंगलाजोडी. एकेकाळी पक्षी मारून विकणारे लोक इथे वाटाडे झाले आहेत. बांबूने ढकलायच्या सपाट होड्या असतात, मोटर नाही, आवाज नाही. काळ्या शेपटीचे पाणटिवळे होडीच्या हाताच्या अंतरावर चरत राहतात. ज्यांच्याकडे मोठी लेन्स नाही त्यांनी भिगवणच्या आधी इथे जावं असं माझं मत आहे, खर्च जास्त होईल तरी.

लेन्स कोणती घ्यावी?

शंभर-चारशे किंवा दीडशे-सहाशेची झूम पुरते. पहिल्याच वर्षी विकत घेऊ नका, भाड्याने मिळते. लेन्स बदलायची नसलेल्यांसाठी ८३ किंवा १२५ पट झूमचे ब्रिज कॅमेरे आहेत. पहाटेच्या अंधूक उजेडात ते कमी पडतात, पण लांबच्या पक्ष्याची नोंद करायला उत्तम. भोरड्यांचा संध्याकाळचा थवा मात्र मोबाईलनेच काढा. ज्वारीच्या शिवारावर ते काळे ढग वळतात तेव्हा रुंद चौकट लागते, सहाशेच्या लेन्समधून फक्त किडेमुंग्या दिसतात.

विमानाने जाताना काय काळजी घ्यायची?

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात, चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. ट्रायपॉड घरी ठेवा, नावेत त्याचा उपयोग नाही. त्याऐवजी कापडी पिशवी रिकामी न्या आणि मुक्कामी पोचल्यावर वाण्याकडून दोन किलो तांदूळ घेऊन भरा. गाडीच्या खिडकीवर, नावेच्या काठावर लेन्स त्यावर टेकते. परत निघताना तांदूळ तिथेच कोणाला तरी देऊन टाका.

एसी खोलीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढलात तर काचेवर वाफ धरते. रात्री तो बॅगेतच बंद ठेवा आणि निघण्याच्या अर्धा तास आधी बॅग खोलीबाहेर आणून ठेवा.

सेटिंग सांगा ना एकदा!

उडत्या पक्ष्याला शटर सेकंदाच्या दोन हजारांश किंवा अधिक वेगाचं, उभ्या पक्ष्याला नाव हलत असेल तर हजारांश. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) चढला तर चढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप उणे, नाहीतर पिसांचा चुना होतो. उजळ आभाळावर उडणारा असेल तर एक स्टॉप अधिक. बाकी सरावाने येतं.

किती जवळ जावं?

मीटरमध्ये उत्तर नाही, ते पक्ष्याच्या मानेत असतं. रोहित चरत असतात तेव्हा सगळ्या माना खाली. नाव जवळ येऊ लागली की कडेच्या दोन-चार माना वर येतात. इथे नाववाल्याला थांबवा. मग मधल्या माना वर होतात, सगळे एकाच दिशेला तोंड करतात आणि गुडघाभर पाण्यातून शिस्तीत चालू लागतात. हे चालणं म्हणजे उडण्याच्या आधीची पायरी. इतकं झालं असेल तर नाव मागे घ्या, पुढे नाही. पाच मिनिटं गप्प बसलात तर माना पुन्हा खाली जातात, आणि चांगला फोटो त्यानंतरच मिळतो, कारण आता तुम्ही त्यांच्या लेखी एक ओंडका असता.

पट्टकादंबांत राखणदार आधी मान ताठ करतो, मग बोलतो. तो बोलला की तुम्ही उशीर केलात.

नाववाला म्हणतो, थवा उडवून देतो. चालेल?

नाही चालणार. आणि बहुतेक वेळा नाववाला आपणहून म्हणत नाही, आधीच्या चार गिऱ्हाइकांनी बक्षिशी देऊन त्याला ती सवय लावलेली असते. निघण्यापूर्वीच सांगा, "दादा, उडवायचं नाही, उशीर झाला तरी चालेल." ऐकतात. बक्षीस न उडवल्याबद्दल द्या. कायद्याचं म्हणाल तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली शिकारीची व्याख्या फक्त बंदुकीपुरती नाही. हाकणं, आमिष लावणं, अंडी-घरट्यांना धक्का पोचवणं हेही तिच्यात येतं.

त्याच कारणाने मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आणि घारापुरीच्या लाँचवरून कुरवांना (सीगल) गाठी-शेव फेकणं? फोटो झकास येतात, कबूल. पण ते तळलेलं मीठ-बेसन त्या पक्ष्याचं अन्न नव्हे.

माळरानावर घुबड दिसलंय म्हणून ग्रुपवर आलंय. जाऊ का?

हिवाळ्यात आखूड कानांचं घुबड आणि भोवत्ये माळावर जमिनीवरच विसावतात. तिथे गाड्या गवतात घालून, घेर करून फोटो काढण्याची पद्धत पडली आहे, ती वाईट आहे. गवतातून चालू नका, रुळलेली वाट सोडू नका. आधीच चार गाड्या असतील तर पाचवी तुमची नको.

खरोखर दुर्मीळ पक्ष्याची बातमी आली तर लगेच धावावं का?

फेब्रुवारी २०२१ मध्ये आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात मागुरी बीलवर मँडरिन बदक दिसलं. त्या भागात शंभराहून अधिक वर्षांनी. आदल्याच वर्षी शेजारच्या बाघजानच्या तेलविहिरीला स्फोट होऊन आग लागली होती आणि त्या पाणथळीचं नुकसान झालं होतं. बातमी फुटली आणि लोक लांबलांबून निघाले. एका रंगीत नरामुळे साऱ्या देशाला मागुरीचं नाव कळलं, हे चांगलं झालं. पण भरकटलेला पक्षी बहुधा थकलेला असतो आणि त्याला तिथल्या वाटा ठाऊक नसतात.

जायचंच तर स्थानिक वाटाड्याला आधी विचारा की तिथे आज किती माणसं आहेत. मोजकी असतील तर जा, लांब बसा आणि वीस-पंचवीस फोटोंत आटपा. जत्रा भरली असेल तर त्या दिवशी दुसऱ्या तळ्यावर जा.

तो पिंजऱ्यातून सुटलेला नसेल कशावरून?

शंका रास्त आहे, मँडरिनसारखी देखणी बदकं लोक पाळतात. पायाचा फोटो घ्या: त्यात पाळीव पक्ष्याचं बंद कडं आहे का? पंख पसरल्यावर पिसं कापलेली किंवा झिजलेली आहेत का? माणसाला अजिबात न भिणारा, पाव खाणारा, शहरातल्या बागेच्या तळ्यातला पक्षी असेल तर उत्साह आवरता घ्या.

ओळख पटावी म्हणून कोणते फोटो हवेत?

देखणा एक फोटो आणि कुरूप पाच फोटो. पंख पसरलेले वरून, पंख पसरलेले खालून, शेपटी आणि कंबर, पायांचा रंग, चोच कडेने. पाणटिवळ्यांच्या दोन जातींत बसलेल्या पक्ष्यावरून वाद होतात. उडताना पंखावर रुंद पांढरा पट्टा आणि काळी शेपूट दिसली की काळ्या शेपटीचा. नर भोवत्यांत पंखाच्या वरच्या बाजूला आडवी काळी रेघ असेल तर माँटेग्यूचा, नसेल आणि अंग फारच फिकट असेल तर पांढुरका. शेजारी ओळखीचा पक्षी असलेला एक फोटो हवाच, आकाराचा अंदाज त्यावरून येतो.

कॅमेऱ्यातली तारीख-वेळ निघण्यापूर्वी नीट लावा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर वेगळी नोंद केली की स्वयंसेवक परीक्षक पुरावा मागतात, तेव्हा धूसर फोटोही चालतो.

एआयने फोटो धारदार करून टाकला तर?

भिंतीवर लावायला करा. नोंदीसाठी मूळ फाइलच द्या. ही सॉफ्टवेअरं जिथे तपशील नाही तिथे तो रचतात: नसलेले पट्टे येतात, पिसांच्या कडा बदलतात, आणि नेमक्या त्याच गोष्टींवरून जात ठरत असते.

फोटोत पायात कडं किंवा गळ्यात पट्टा दिसतोय. काय करू?

लॉटरी लागली समजा. झूम करून अक्षरं-आकडे वाचा, पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, सगळं लिहा. मंगोलियात गळ्यात पट्टे घातलेले पट्टकादंब भारतात दिसले आहेत. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या सहा रोहितांना उपग्रह टॅग लावले आणि त्यांचा गुजरातपर्यंतचा प्रवास कळला. तुमचा वाचता येईल असा एक फोटो अशाच माहितीत भर घालतो. तो बीएनएचएसकडे पाठवा.

जागा जाहीर करू की नको?

रोहितांची, पट्टकादंबांची खुशाल करा. घुबडं, घरटी, भोवत्यांची रात्रीची जागा आणि भरकटलेला एकटा पक्षी यांची नको. तालुका लिहिला तरी पुरतो. फोटोतलं जीपीएस काढून टाका, मागची पाटी किंवा देऊळ कापा.

परवानगी, ड्रोन वगैरे?

अभयारण्यात प्रवेशशुल्क आणि कॅमेऱ्याचं शुल्क दारावर विचारून भरा, पावती जवळ ठेवा. व्यावसायिक चित्रीकरणाला वेगळी परवानगी लागते. ड्रोन वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय नाहीच. पाणपक्ष्यांना वरून येणारी कोणतीही वस्तू शिकारी पक्षीच वाटते.

पावसाळ्यात कोकणात किनाऱ्यावर एक मोठा समुद्रपक्षी नुसता बसून होता. फोटो काढले, पण तो उडेना.

वादळी वाऱ्यात खोल समुद्रावरचे पक्षी असे किनाऱ्याला फेकले जातात. उपाशी आणि दमलेले असतात. कॅमेरा ठेवा. त्याला परत पाण्यात सोडू नका, तोंडात पाणी ओतू नका, मासा कोंबू नका. कुत्री आणि बघे लांब ठेवा. जवळ जावंच लागलं तर जाड टॉवेल अंगावर टाकून धरा, चोचीपासून डोळे सांभाळा, आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, सावलीत ठेवा. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. फोन करताना किनाऱ्याचं नाव आणि जवळची खूण सांगा, आणि काढलेले फोटो येणाऱ्या वनरक्षकाला दाखवा. जात कळली तर पुढचे उपचार ठरवायला त्यांना सोपं जातं.